रक्त न येणाऱ्या हिरड्या

"रक्त येत नाही म्हंजे हिरड्या ठीकच हायेत ना, मॅडम?" खुर्चीत बसल्या बसल्या सुधाकरभाऊंनी विचारलं.

मूर्तिजापूरच्या एका बँडमध्ये ते क्लॅरिनेट वाजवतात. वरचे पुढचे दोन दात हलायला लागले होते, आणि क्लॅरिनेटचं टोक नेमकं त्याच दातांना टेकवावं लागतं. "लंबा सूर धरला का दात सरकते," ते म्हणाले. लग्नसराई तीन महिन्यांवर आली होती.

मी अकोल्यात हिरड्यांची डॉक्टर आहे. त्यांच्या हिरड्या वरून फिकट, घट्ट दिसत होत्या. मी प्रोब घेतला. प्रोब म्हणजे खुणा केलेली बारीक सळई. दात आणि हिरडी यांच्यामधली फट किती खोल आहे, ते तिने मोजतात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक असतं. त्यांच्याकडे सात भरलं. एक्स-रेमध्ये दातांभोवतीचं हाड निम्म्यावर आलेलं. तरी रक्ताचा ठिपकासुद्धा नाही.

"सिगारेट किती?"

"एक पाकीट. सीझनमंदी दोन."

सिगारेटमुळे हिरडीला रक्त कमी पोचतं. आत आजार वाढत असतो, पण रक्त येत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. मी तसं सांगितलं. "सफाई मी करीन, दात बांधीन. पण सिगारेट चालू ठेवली तर हे दात टिकणार नाहीत."

"क्लॅरिनेट सोडून मले दुसरं काई येत नाई," ते म्हणाले. "सोडतो."

भूल देऊन दोन बैठकींत हिरडीखालची खोल सफाई केली. हलणारे दात शेजारच्या पक्क्या दातांना मागून तारेने बांधले.

तीन आठवड्यांनी फोन आला. आवाज तापलेला. "ब्रश केला का थुंकी लाल. सिगारेट होती तवा एक थेंब नोयता. तुमी मले बरं करून राह्यल्या का बिघडवून राह्यल्या?"

"परत ओढली का?"

"नाई. पण पाकीट आणून ठेवलं."

"फोडू नका. उद्या या."

ते बायकोला घेऊन आले. मी पुन्हा मोजलं. सातच्या जागी पाच. रक्तही आलं.

"सिगारेटनं दाबून ठेवलेलं आता दिसतंय," मी म्हटलं. "हिरडीला रक्त पोचायला लागलंय. थोडी सूज आहे, आत राहिलेली घाण आज काढते. मग थांबेल."

"म्हंजे हे रक्त येऊन राह्यलं ते चांगलं?" वहिनींनी विचारलं.

"सध्या तरी."

पाकीट वहिनींनी दुकानदाराला परत केलं, असं नंतर कळलं.

दीड महिन्यात रक्त थांबलं. गेलेलं हाड परत आलं नाही, आणि मागची एक दाढ काढावीच लागली. पुढचे दात मात्र राहिले. लग्नसराईत सुधाकरभाऊंनी अमरावतीच्या एका वरातीतलं रेकॉर्डिंग पाठवलं. मला सुरातलं फारसं कळत नाही, पण मध्ये कुठे तुटलेलं वाटलं नाही. मी ते दोनदा ऐकलं.

चूक माझी होती. सिगारेट सोडल्यावर रक्त दिसू शकतं, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. आता प्रत्येक सिगारेटवाल्या पेशंटला सांगते, आणि केसपेपरवर लिहूनही देते. तोंडी सांगितलेलं भूल उतरेपर्यंतच लक्षात राहतं.