न फिरलेलं चाक

माणसाला एकदा टोपणनाव चिकटलं की खरं नाव उपाशी मरतं. त्याचंही तसंच झालं होतं. बस डेपोच्या ऑफिसात गेली सव्वीस वर्षं तो प्रोग्रॅम लिहीत होता. कुठली गाडी कधी सुटणार, कुठल्या ड्रायव्हरला कधी सुट्टी, सगळं त्याच्या ओळींवर चालायचं. तिथे त्याला साहेब म्हणत. घरी बायको ‘अहो’ म्हणे. थोरली बहीण, तो त्रेपन्न वर्षांचा झाला तरी, ‘बाळ्या’ म्हणे. पण ज्या खोलीत त्याचा जीव रमे, तिथे तो होता चाळणी.

ती खोली शिंप्याच्या दुकानावर होती. लाकडी जिना, चौथी पायरी सैल. वर दोन खिडक्या, त्यातली एक कधीच लागत नसे. जुनी दोन दारं आडवी टाकून केलेलं लांब टेबल आणि नऊ घरांतून आलेल्या नऊ तऱ्हेच्या खुर्च्या. दर शनिवारी दुपारी तीनला गावातली प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी तिथे जमत. कुणी पोटासाठी लिहीत, कुणी हौसेनं. वाचनालय, शाळा, दवाखाना, ज्यांना असली कामं विकत घेणं झेपत नाही त्यांची कामं ही मंडळी करून देत. खालून शिलाई मशिनांची घरघर येई आणि वर बोटांची टकटक चाले.

त्या खोलीचा मुख्य नियम एकच, पण कडक. कुणाचंही काम दुसऱ्यानं ओळ न् ओळ वाचल्याशिवाय खोलीबाहेर जायचं नाही. जो वाचेल त्यानं जाड पुठ्ठ्याच्या वहीत आपलं नाव लिहायचं. ‘लिहिणाऱ्याची चूक निम्मी, वाचणाऱ्याची पूर्ण,’ असं पहिल्या शनिवारी कुणीतरी म्हणून गेलं होतं, ते राहिलं. आणि अकरा वर्षं त्या वहीत सगळ्यांत जास्त वेळा एकच नाव होतं. त्याच्या हाताखालून खडा म्हणून जात नसे. म्हणून चाळणी.

गेल्या पावसाळ्यानंतर त्याच्या नजरेच्या मधोमध एक पुसट ठिपका आला. जिकडे बघावं नेमकं तेवढंच दिसेना, भोवतालचं मात्र दिसे. त्यानं आधी चष्मा पुसला, मग बदलला. शेवटी मोठ्या शहरातल्या डॉक्टरणीनं डोळ्यांत उजेड घालून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “पडद्याचा मधला भाग झिजलाय. चष्म्याचं काम नाही हे. आहे तेवढं जपा.”

तो गाडीतून परत येताना खिडकीबाहेर बघत बसला. शेतं कडेकडेनं दिसत होती. मधली शेतं कुणीतरी पुसून टाकली होती.

घरी त्यानं सांगितलं, “नंबर वाढलाय.” डेपोत त्यानं अक्षरं मोठी करून घेतली. आधी स्क्रीनवर चाळीस ओळी मावायच्या, मग वीस, मग सहा. आपण लिहिलेलं त्याला पाठ होतं, तिथे निभावलं. पण शनिवारच्या खोलीत सगळ्यांदेखत अक्षरं एवढाली कशी करणार? चाळणीला भोकं असायचीच. पण त्यातलं एक मोठं झालं की तिला कुणी चाळणी म्हणत नाही, कोपऱ्यात टाकतात. हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

मग तो माणसं वाचू लागला. मेंढपाळ पाठ फिरवून बसला तरी कुठली मेंढी कळप सोडते ते त्याला कळतं. तसं औषधाच्या दुकानातली बाई, जिला सगळे औषधवाली म्हणत, ती घाईत काय विसरते हे त्याला ठाऊक होतं. तेवढंच तो तिला विचारी आणि ती जीभ चावून दुरुस्त करी. मास्तर शाळेत गणित शिकवत. त्यांची ओळ म्हणजे नांगराचा सरळ तास. त्यांच्या कामात बघायचं ते काय? चाळणी स्क्रीनसमोर पंधरा मिनिटं बसे, मान हलवी आणि म्हणे, “गेलं.” वहीत नाव लिहायला त्याला दिसण्याची गरज नव्हती. हाताला वळण होतं.

असंच मास्तरांचं दवाखान्याच्या चिठ्ठ्यांचं चारशे ओळींचं काम ‘गेलं’. पेशंटला पुन्हा कधी बोलवायचं ती तारीख हा प्रोग्रॅम काढणार होता.

त्यानंतरच्या दुसऱ्या बुधवारी संध्याकाळी थोरली बहीण त्याच्या दारात आली. तिच्या पायाला जखम होती, आठवड्याला ड्रेसिंग बदलावं लागे. पट्टी भिजून पिवळी झाली होती.

“बाळ्या, तुमचा तो कॉम्प्युटर लग्नाला उभा आहे का रे?”

“का गं ताई?”

“सदतीस वऱ्हाडी गोळा केले त्यानं आज. आणि मंडपाला कुलूप! बुधवारी ड्रेसिंगचा विभाग बंद असतो म्हणे. चिठ्ठीवर मात्र सगळ्यांना बुधवार.” ती खुर्चीत टेकली आणि पाय हातानं उचलून स्टुलावर ठेवला. “तीन तास पायऱ्यांवर बसलो. आज उघडेल, मग उघडेल. एक म्हातारा भिंतीला टेकून झोपलाच. आम्ही आळीपाळीनं त्याच्यावर पदर धरला.”

“नवीन आहे ताई, सुरुवातीला होतं असं.”

“होतं ना. तू वाचलं असतंस तर नसतं झालं एवढंच म्हणते मी. कुणी वाचलं रे हे?”

बायको आतून पाणी घेऊन आली. त्यानं बहिणीच्या पट्टीकडे बघायचा प्रयत्न केला. नेमकी पट्टीच दिसली नाही.

“बघतो,” तो म्हणाला.

शनिवारी खोलीत सगळे वेळेवर आले. मास्तर उभे राहिले, वर्गात उभे राहतात तसे. “चूक माझी. बुधवार वगळायचा होता. एक चिन्ह उलटं पडलं आणि मी बुधवारच तेवढा निवडून ठेवला.”

“मास्तर, पोरांना अंगठे धरायला लावता ना?” औषधवाली म्हणाली. “धरा आता.”

“गुडघे सोडतील तर धरतो बाई.”

हशा झाला आणि विरला. मग सगळ्यांची तोंडं वहीकडे वळली. ओळ निसटली कशी, हे वाचणाऱ्यानं सांगायचं, अशी रीत होती.

“जाऊ द्या हो,” मागून कुणीतरी म्हणालं. “अकरा वर्षांत एक खडा गेला. आमच्या घरच्या चाळणीतून रोज दोन जातात.”

चाळणीनं त्या वाक्याला बुडत्यासारखा हात घातला. “दमलो होतो त्या दिवशी,” तो म्हणाला. ते खोटंही नव्हतं. तो दमलाच होता. दिसतंय असं दाखवण्याइतकं दमवणारं काम दुसरं नाही.

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मंडळी चहाला खाली उतरली. सैल पायरी प्रत्येकाच्या पायाखाली एकेकदा वाजली. खोलीत राहिली ती फक्त टेलिफोनताई.

टेलिफोनताईंना जन्मापासून दिसत नव्हतं. एकोणीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून दिली. एक्सचेंज बंद पडलं तेव्हा त्या बोलणाऱ्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहायला शिकल्या. स्क्रीनवर जे असेल ते एक आवाज त्यांच्या कानात वाचून दाखवी. त्या कोपऱ्यात हेडफोनची वायर गुंडाळत बसल्या होत्या.

“चाळणी, बसा जरा. दमला होतात म्हणता?”

“हो.”

“दोन महिने झाले, तुमच्या माउसचं चाक फिरत नाही.”

 त्याचा आवाज चढला. “ताई, माझ्यावर पहारा ठेवलाय काय तुम्ही?”

“पहारा कसला? मला इथे ऐकायला आहे काय? खालची मशिनं, वरचा पंखा आणि तुमचं चाक. पूर्वी तुम्ही वाचायचात तेव्हा ते चार दात पुढे जायचं, एक मागे. कुठे अडलात की थांबायचं, परत वर चढायचं. मास्तरांच्या चारशे ओळींना ते एकदाच फिरलं. वरपासून खालपर्यंत, घसरगुंडीवरून पोर येतं तसं. मग तुम्ही म्हणालात, गेलं.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

त्यांचे हात थांबले. “मनाला समजावलं की माणूस मानी आहे, आपण होऊन सांगेल. खरं म्हणजे धीर झाला नाही. त्या सदतीसांतले निम्मे माझ्या नावावर घाला.”

“माझी बहीण होती त्यांत.”

“मग तिच्याकडे दोघंही जाऊ.”

चाळणी खुर्चीत बसला. बसला म्हणजे ओझं उतरवावं तसा खाली आला. “मधलं दिसत नाही हो ताई,” तो म्हणाला. “तुमच्या तोंडाकडे बघितलं तर नुसते कान दिसतात.”

“बरंच आहे. माझ्यात बघण्यासारखं तेवढंच आहे.”

तो हसला.  टेलिफोनताईंनी गुंडाळलेली वायर सोडली, मास्तरांचं चुकलेलं काम उघडलं आणि हेडफोन त्याच्या कानांवर चढवला.

“हे काय! पत्र्यावर धान्य ओततंय की काय कुणी?”

“माझी चाल आहे ती. थांबा, तुमच्यासाठी बैलगाडी जुंपते.”

आवाज सावकाश झाला. राग नाही, लोभ नाही, एकसुरी आवाज. शब्द वाचतो तसंच चिन्हही वाचतो, कंसही वाचतो. पहिल्या खेपेला चाळणीला काहीच कळलं नाही. त्याचं मन सारखं पानाकडे धावे, आणि पान तर नव्हतं. दुसऱ्या खेपेला त्यानं डोळे मिटून घेतले. तिसऱ्यांदा कपाळाला घाम आला. पाचव्या खेपेला त्यानं हात वर केला.

“थांबा. इथे. बुधवार ‘नसेल’ तर हवं. ‘असेल’ तर आहे.”

“सापडलं?”

“सापडलं.”

आनंद झाला नाही. ज्या दगडाला माणूस आधीच अडखळून पडला, तो नंतर उचलावा तसं वाटलं. नऊच ओळी ऐकून झाल्या होत्या. खांदे असे भरून आले होते की जणू विहिरीचं पाणी काढलंय.

पायरी वाजू लागली. मंडळी वर आली तेव्हा चाळणीनं वही पुढ्यात ओढली होती.

“मघाशी मी दमलो होतो म्हणालो,” तो म्हणाला. “दमलोय खरा. पण त्या दिवशी मी वाचलंच नव्हतं. दोन महिने झाले, डोळे गेलेत माझे. मास्तरांच्या भरवशावर नाव लिहिलं.”

 मास्तरच आधी म्हणाले, “अहो, मला विचारायचंत. मीच म्हणालो असतो, माझ्यावर भरवसा ठेवू नका.”

कुणी हसलं नाही.

“दोन महिन्यांत तुम्ही किती कामं वाचलीत?” औषधवालीनं विचारलं.

“सहा.”

“त्यात एक माझं आहे. लहान मुलांच्या औषधाच्या मात्रेचं.” तिनं पिशवी परत खुर्चीला अडकवली आणि कॉम्प्युटर उघडला.  “बसा सगळे. सहाच्या सहा आज परत वाचायची. घरी कळवा उशीर होईल म्हणून.”

खुर्च्या ओढल्या गेल्या. त्याला कुणी माफ केलं असं म्हणालं नाही, आणि जा असंही म्हणालं नाही. सहा कामं वाटली गेली. त्याच्या वाट्याला काही आलं नाही.

“नवीन माणसानं वर्षभर वहीत नाव घालायचं नाही, असा नियम आहे,” तो म्हणाला. “तो मला लावा.”

“लावला,” औषधवाली स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. नंतर जरा थांबून, “ताईंच्या शेजारी बसा. तिकडे पंखा लागतो.”

औषधवालीचं काम चोख निघालं. बाकीच्या पाचांत एक नवी चूक सापडली, वाचनालयाची, कुणाचं वाईट न करणारी. तो घरी पोचला तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. बायकोनं चहाचा कप टेबलाच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवला, कान बाहेरच्या बाजूला करून. त्याचा हात बरोबर कानावर पडला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की हल्ली कप रोज तिथेच असतो.

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“निळा कप फुटला तेव्हापासून.”

“बोलली नाहीस.”

“तुम्ही कुठे बोललात?” ती म्हणाली आणि दिवा त्याच्या बाजूला सरकवला.

चहा संपवून त्यानं फोन चाचपला. बहिणीचा नंबर बोटांना पाठ होता.

“बोल बाळ्या. अरे, शुक्रवारी झालं ड्रेसिंग. बरं आहे आता.”

“ताई, तू विचारत होतीस ना, ते कुणी वाचलं म्हणून.”

“हां, कुणी?”

“मी.”

 पलीकडून तिचा श्वास तेवढा येत होता. टेलिफोनताईंना नुसत्या श्वासावरून माणसाच्या मनातलं कळतं. त्यानं फोन कानाशी घट्ट धरला आणि ऐकत राहिला. त्याला अजून ते येत नव्हतं.