पप्पांची माती बसली का?

माझ्या पप्पांचा जमिनीवर विश्वास नव्हता.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

फ्लॅट बघताना लोक व्ह्यू बघतात. नोएडाचा आमचा फ्लॅट घेताना पप्पा पार्किंगमध्ये टाच आपटत फिरले होते. "भराव घाईत केलाय. बिल्डर काहीतरी लपवतोय."

गुरुग्रामला कुणाकडे जेवायला निघालो की आई आधीच दम द्यायची, "तिथे टाच आपटायची नाही हं!"

नोकरीच तशी होती. सरकारी लॅबमध्ये माती दाबून बघायची. शेवटची काही वर्षं तर चंद्रावरची माती. म्हणजे खडक दळून केलेली तिची नक्कल, राखाडी, मैद्यासारखी बारीक.

उद्या तिथे काही बांधायचं तर आधी जमीन घट्ट हवी. पण तिथे प्रत्येक गोष्टीचं वजन सहावा हिस्सा. आपला रोलर नेला तर नुसता वरून फिरून येईल. म्हणून मशीन थरथरवून माती घट्ट करायची, असा प्रोजेक्ट होता.

एकदा ज्युनिअर्सनी मशीन पुलीला टांगून तिचं वजन तेवढं कमी केलं. माती मस्त दबली. सगळे खूश, लॅबमध्ये समोसे.

पप्पांनी समोसा खाल्ला आणि विचारलं, "मशीनचं वजन कमी केलंत. मातीचं कुणी केलं?"

पेटीतली माती दिल्लीतच होती ना! आपल्या पूर्ण वजनाने आपोआप दबत होती.

रिपोर्टवर 'यशस्वी' लिहायला ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. घरी म्हणायचे, "पृथ्वी गुपचूप मदत करते गं. तिच्यावर लक्ष ठेवायला हवं."

पृथ्वीवर संशय! यार, कोण घेतं असा?

आता मी घेते.

आम्ही ख्रिस्ती. पप्पांचं दफन झालं. मूठमाती दिली आणि मी फावड्यांकडे बघत राहिले. थर नाही, पाणी नाही, धुम्मस नाही. नुसती माती ढकलत होते.

(धुम्मस म्हणजे माती ठोकायचं जड अवजार. दिल्लीत वाढलेल्या मला हा शब्द पप्पांमुळेच माहीत.)

कबरीवर दगड लगेच बसवत नाहीत. आधी माती खाली बसू द्यायची, नाहीतर दगड कलतो. पावसाळा संपल्यापासून ठेकेदार फोन करत होता, "मैडम, बैठ गई." मी नाही म्हणत होते. त्याला काम उरकायचं होतं, दुसरं काय!

आज तो दगड घेऊनच आला. मी चप्पल काढली आणि कबरीच्या कडेने टाच आपटली. इकडे, मग तिकडे.

"और कितना ठोकोगे, मैडम?"

"रुको भैया. अगली बारिश के बाद देखेंगे."

आई कबरीशेजारी खुर्ची टाकून बसली होती. म्हणाली, "माती केव्हाच बसलीय, रूथ. दगड ठेवला की पप्पा खरंच गेले, असं वाटतंय ना तुला?"

तेच वाटत होतं.

"मी एकदा विचारलं होतं त्यांना," आई म्हणाली, "मी आधी गेले तर माती नीट दाबून घ्याल ना? तर म्हणाले, काही करायचं नाही. हा चंद्र थोडाच आहे? इथे फक्त थांबायचं. पृथ्वी करते सगळं."

म्हणजे अख्ख्या आयुष्यात पप्पांनी एकीवर तरी विश्वास ठेवला होता.

"रख दो, भैया," मी म्हणाले.

तरी त्याची लेव्हल मागून घेतलीच. बुडबुडा बरोबर मधोमध.

पप्पा, दगड सरळ आहे. मी स्वतः तपासलाय.

आता निवांत झोपा. पृथ्वी आहे.