इबेमहलचे हात

थौबालला आमच्या आळीत जेवणावळ ठरली की उमोरोक मिरच्यांची टोपली थेट इबेमहलच्या दारात. ही मिरची एक जरी हाताने फोडली तरी बोटं दोन दिवस भाजल्यासारखी होतात. ही बाई मात्र टोपलीभर फोडायची, बिया काढायची आणि वर गप्पा हाणायची. "हात आहेत की पायताण?" मी म्हणायचे. खूश व्हायची. नवरा गेल्यापासून आळीत तिला जो मान होता, तो या हातांमुळेच.

तिची लेक मेमचा बाळंतपणाला आली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस राहिले होते. मुलगी झाली. इबेमहलने नातीला घ्यायला हात पुढे केले, तर मेमचा किंचाळलीच, "इमा, नको! त्या हातांनी नको. तिच्या डोळ्यांना लागलं तर?"

पोरीचं काही चुकलं नव्हतं, तरी मला राग आला. आईला असं कोणी बोलतं का!

इबेमहलने राख, मोहरीचं तेल, तांदळाचं धुवण, सगळं करून पाहिलं. पण हात स्वच्छ झाले हे कळणार कसं? तिला तर जळणंच कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात हजर.

"पिशक, जरा तुझ्या ओठाला माझं बोट लावून बघ."

"आग लागो तुझ्या बोटाला!" मी बोंबललेच.

मग रोज सकाळी हेच. तिने मिरच्यांना हात लावणं सोडलं. टोपल्या परत जायला लागल्या, "नात काय झाली, केवढा भाव खातेय" म्हणून बायका कुरकुरल्या. वर तिने माझंही तिखट बंद केलं. "तिखट खाऊन तुझं तोंड मेलंय, तुला काय कळणार?" म्हणे. मिरचीशिवाय इरोंबा! नुसता बटाट्याचा आणि मासळीचा लगदा गिळत होते मी, तिला शिव्या देत.

एका सकाळी ओठाला काहीच झोंबलं नाही. मी तिला ओढतच मेमचाकडे नेलं. "घे बाई, झाले तुझ्या आईचे हात स्वच्छ."

मेमचाचा माझ्यावर विश्वास बसेना. तिने आईचं बोट धरलं आणि स्वतःच्याच डोळ्याला लावलं.

"अगं ए, वेडी का खुळी!" इबेमहल ओरडली.

मेमचाने डोळा मिटला, उघडला. काही नाही. मग तिने पोर उचलून आईकडे दिली. इबेमहलने घेतली, पण मनगटांवर. बोटं वर, बाळापासून लांब.

"बोटांनी धर, इमा," मेमचा म्हणाली.