दोरीवरची लुगडी

बर्म्यातल्या यांगूनला आम्ही राहायचो त्या इमारतीला लिफ्ट नव्हती आणि आमचं घर सगळ्यात वर, चौथ्या मजल्यावर होतं. माझा नवरा जालन्याच्या एका डाळमिलवाल्या शेठजींकडं कामाला. बंदराजवळच्या गोदामांत जाऊन तिकडची तूर आणि उडीद बघायचा, दाणा दाताखाली धरून ओलावा तपासायचा, माल पसंत पडला की पोत्यात भरून जहाजावर चढवून द्यायचा, हे त्याचं काम. सुरुवातीला तो एकटाच तिकडं राहिला. नंतर मी, आमची दुसरीतली लेक आणि सासूबाई अशा तिघी गेलो. सासूबाईंना मी आत्या म्हणते. माझं माहेर भोकरदनकडचं, तिकडं तशीच पद्धत आहे. सासरे वारल्यावर आत्यांना जुन्या जालन्यातल्या घरात एकटं ठेवावं असं कुणालाच वाटत नव्हतं.

आत्या परदेशात रमणार नाहीत असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. तिथं प्रत्येक गॅलरीतून रस्त्यापर्यंत एक दोरी सोडलेली असते. भाजीवाली ओरडली की पिशवी खाली सोडायची, तिनं भाजी भरली की वर ओढायची. आत्या चौथ्या मजल्यावरून खास मराठीत घासाघीस करायच्या. "अगं बाई, मागच्या टायमाला वांगे किडके दिल्ते तू." खालची बाई तिच्या भाषेत काहीतरी उत्तर द्यायची आणि दोघींचं जमून जायचं. लेकीनं तर गालांना चंदनासारखा पिवळा लेप लावून हिंडायला सुरुवात केली. तिथं सगळ्या बायापोरी उन्हासाठी तो लावतात. मी ज्वारीचं पीठ पुरवून पुरवून वापरायची. रविवारी भाकरी, बाकी दिवस भात.

समोरच्या घरात एक नवराबायको राहायचे. बाई शिवणकाम करायची. तिचे पणजोबा बिहारातून आलेले, त्यामुळं घरात अजून हिंदी होती. नवरा इलेक्ट्रिशियन, उंच, किडकिडीत, फार कमी बोलणारा. मूलबाळ नव्हतं. माझी लेक शाळेतून आली की आधी त्यांच्या घरात जायची, मग आमच्या. आत्यांचं आणि त्या बाईचं हिंदी ऐकण्यासारखं होतं. "तुम बैठो, मैं चहा टाकती," असं आत्या म्हणायच्या आणि ती बाई हसत बसायची.

एका सकाळी फोन बंद झाले. नेट नाही, टीव्हीवर एकच गाणं. समोरची बाई दारात आली आणि म्हणाली, फौजेनं सरकार ताब्यात घेतलंय. माझा नवरा तसाच खाली गेला. बँका बंद, गोदामं बंद, रस्त्यात माणसं घोळक्यानं उभी, असं बघून तो परत आला आणि त्यानं तांदूळ किती आहेत ते विचारलं.

पहिले काही दिवस पोरापोरींचे मोर्चे निघाले, गाणी झाली. संध्याकाळी आठ वाजले की सगळं शहर भांडी वाजवायचं. आत्यांनी समोरच्या बाईला विचारलं, हे कशासाठी. ती म्हणाली, "अम्मा, बुरी बला को भगाते हैं." आत्यांनी तवा आणि उलथणं घेतलं आणि गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या.

नवऱ्यानं त्यांच्या हातातून उलथणं काढून घेतलं. "आई, आपण परके लोक हाव. उद्या व्हिसा काढून घेतला तं काय करशीन?"

"सगळी गल्ली वाजवून राह्यली. आपलंच घर मुकं कसं दिसंन?"

"दिसू दे मुकं."

दुसऱ्या दिवशी आत्यांनी उलथण्याऐवजी लाटणं घेतलं. तो लेकीला घेऊन आतल्या खोलीत गेला.

मग गोळ्या सुरू झाल्या. आधी दुसऱ्या वस्त्यांत, मग जवळच्या चौकात. आम्ही रस्त्याकडच्या खिडक्यांना गाद्या उभ्या केल्या आणि आतल्या खोलीत जमिनीवर झोपू लागलो. भांडी वाजली की शिपाई खालून गलोलीनं काचा फोडायचे. आमच्या स्वयंपाकघरात काचेची एक गोटी येऊन पडली. लेकीनं ती उचलून बघितली आणि खेळायला घेऊ का असं विचारलं. मी ती संडासात टाकली. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याच्या कपाळावर अशीच गोटी बसून खोक पडली होती.

त्याच सुमारास गल्लीतली पोरं जिना चढून वर आली. सोबत समोरचा इलेक्ट्रिशियन होता. त्यानं आमच्या गॅलरीच्या कठड्याला वायर बांधायची परवानगी मागितली. वायर पलीकडच्या इमारतीपर्यंत जाणार होती आणि तिच्यावर बायकांच्या वापरलेल्या लुंग्या टांगायच्या होत्या. त्याच्या बायकोनं समजावून सांगितलं. तिथले पुरुष बायकांच्या लुंगीखालून जात नाहीत. गेलं की पुरुषाचं तेज जातं म्हणे. शिपाईही तेच मानायचे. वर लुंग्या दिसल्या की आधी थांबायचे, काठीनं त्या खाली ओढायचे, आणि तेवढ्या वेळात पोरांना पळून जायला फुरसत मिळायची.

हे आत्यांनी नीट ऐकून घेतलं. त्यांच्या जन्मात त्यांनी आपलं लुगडं पुरुषांच्या नजरेसमोर वाळत घातलं नव्हतं. जालन्यातही त्या मागच्या मोरीत, वरून टॉवेल टाकून वाळवायच्या. त्या आत गेल्या आणि दोन नऊवारी लुगडी घेऊन आल्या, एक हिरवं आणि एक जांभळं.

"वापरेलच आहेत," त्या म्हणाल्या. "आन् लांब बी आहेत."

पोरं हसली. इलेक्ट्रिशियनही हसला. मी त्याला तेव्हाच काय ते हसताना पाहिलं. माझा नवरा गोदामाकडं गेलेला होता. संध्याकाळी घरी येताना त्यानं मान वर केली तर गल्लीच्या मधोमध आईची लुगडी फडफडत होती. जिना चढून आला तो थेट आईसमोर जाऊन उभा राहिला.

"आई, त्यांनी वर पाह्यलं तं वायर कुठून आली ते बराबर कळतं. आपल्या गॅलरीतून. कळतं का तुला?"

आत्या म्हणाल्या, "कळतं."

"मंग?"

तो वायर सोडायला गॅलरीत गेला, गाठ चाचपून बघितली आणि तसाच परत आला. वायर तशीच राहिली.

शिपाई आले ते भर दुपारी. आधी गाड्यांचा आवाज, मग टायर जळल्याचा वास. गादीच्या फटीतून मी बघितलं. त्यांनी बांबूनं लुगडी खाली ओढली आणि रस्त्यातच पेटवून दिली. हिरवं लुगडं पेटताना एकदम वर उडालं आणि एका शिपायाच्या पायाशी पडलं. तो दचकून मागं सरकला. त्याच्या साहेबानं त्याच्या पाठीत लाथ घातली. मग साहेबानं वर, थेट आमच्या गॅलरीकडं बघितलं आणि बोट दाखवलं.

इमारतीचं लोखंडी दार फोडल्याचा आवाज आला. नवऱ्यानं आम्हां तिघींना आतल्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी लावली. लेकीचं तोंड मी छातीशी दाबून धरलं. जिन्यावर बुटांचा आवाज वर वर येत गेला. पण त्यांनी आधी समोरचं दार फोडलं. इलेक्ट्रिशियनच्या घरात वायरची भेंडोळी पडलेली होती, त्यांना ती लगेच दिसली असणार. त्याला जिन्यात ओढल्याचं कळलं. लाकूड लाकडावर आपटावं तसे आवाज, मग ओले आवाज. तो ओरडत नव्हता. ओरडत होती ती त्याची बायको, आणि मग ती आमच्या दारावर दोन्ही हातांनी मारू लागली.

"भैया, दरवाजा खोलो. भैया."

महिनाभर जो माणूस आम्हाला गप राहा, गप राहा म्हणत होता, त्यानं दार उघडलं. खोलीच्या दाराच्या फटीतून मला त्याची पाठ दिसली. त्यानं तिच्या दंडाला धरून तिला आत खेचलं आणि दार लावायला गेला, पण मधे बूट आला. एक शिपाई आत शिरला. कोवळा होता, मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं. नवऱ्यानं दोन्ही हात वर केले आणि "इंडिया, इंडिया" म्हणाला. शिपायानं बंदुकीचा दस्ता त्याच्या कानावर मारला. तो पडला. पडल्यावर पुन्हा मारला, खांद्यावर, आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

आत्यांनी दाराला धडका मारल्या. ती कडी जुनाट होती, निघाली. त्या जाऊन मुलाच्या अंगावर आडव्या पडल्या, सगळ्या अंगानं, आणि मान वर करून त्या पोराकडं बघत बोलू लागल्या. "मार. मला मार. तुला माय हाय का न्हाई? माय हाय का?" त्याला शब्द कळायचं कारण नव्हतं. त्यानं बंदूक उचलली, थांबला, आत्यांच्या पायांवर एक लाथ मारली आणि बाहेर गेला. जिन्यातून ते इलेक्ट्रिशियनला खाली ओढत नेत होते. प्रत्येक पायरीवर त्याच्या टाचा आपटल्याचं ऐकू येत होतं.

दवाखाने सैन्यानं घेतलेले, डॉक्टर लपून बसलेले. मागच्या गल्लीतली एक डॉक्टरीण भाजीच्या पिशवीत सामान घालून आली. तिनं नवऱ्याचा कान शिवला, खांदा बांधला. डाव्या कानातून रक्त यायचं थांबलं, पण त्या कानानं त्याला पुन्हा ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी समोरच्या बाईला निरोप आला की येऊन घेऊन जा. माणसाला घेऊन जा की प्रेताला, ते सांगितलं नव्हतं. आत्या तिच्याबरोबर गेल्या. मी अडवलं. "तुमाला भाषा येत न्हाई, आत्या."

"तिथं काय बोलायचं असतंय," त्या म्हणाल्या आणि चपला घातल्या.

त्यांनी त्याला हातगाडीवरून आणलं. अंगावर चादर होती. आत्यांनी आणि त्याच्या बायकोनं त्याला आंघोळ घातली. पाणी तापवून द्यायला मी गेले तेव्हा त्याचे हात दिसले. दहाही बोटांची नखं काळी होती आणि तोंडात पुढचे दात नव्हते. आत्या त्याच्या तोंडावरून पुन्हा पुन्हा ओला कपडा फिरवत होत्या. मधेच थांबून त्यांनी विचारलं, "माझ्या लुगड्यापायी गेला का गं हा?"

मी हिंदीत सांगितलं. बाईनं मान हलवली. "नहीं अम्मा. ये तो पहले दिन से जुलूस में जा रहे थे. मैंने ही दरवाजे में खड़े होकर टिफिन दिया था."

विमानं मिळायला लागली तसे आम्ही निघालो. समोरची बाई आमच्याबरोबर येऊ शकत नव्हती. ती कुणाच्या तरी ट्रकमधून सीमेकडं गेली. निघताना तिनं लेकीच्या गालांना तो पिवळा लेप लावला आणि विमानतळावर लेक तोंड पुसू देईना.

जालन्यात आलो तर इथं करोनाची दुसरी लाट. आम्ही कुठून आलो, काय झालं, हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती. शेठजींनी नवऱ्याला जुन्या जालन्यातल्या गोदामावरच ठेवून घेतलं. खांदा जुळला. आत्यांनी तिथलं काही कुणाला सांगितलं नाही. भावकीतल्या बाया विचारायच्या, "काय काय पाह्यलं मग बर्म्यात?" आत्या म्हणायच्या, "वांगे चांगले मिळायचे."

पुढच्या लग्नसराईत आमच्या गल्लीतून एक वरात निघाली, ती बघायला मी दारात उभी होते. माझा नवरा गोदामातून येत होता, लेक बोटाला धरून बरोबर होती. कुणीतरी त्यांच्या डाव्या हाताला, अगदी जवळ फटाक्यांची लड लावली. त्याला त्या बाजूनं ऐकू येत नाही, त्यामुळं आवाज कुठून आला ते कळलं नाही. लेक किंचाळून एका ऑटोखाली शिरली. तिला बाहेर काढण्याआधी त्यानं लड लावणाऱ्या माणसाला धरलं. तो माणूस आमच्याच गल्लीतला, कापडाच्या दुकानात बसणारा, नवरदेवाचा मामा. नवऱ्यानं त्याला भिंतीवर आपटलं आणि तोंडावर मारत राहिला. लोकांनी ओढून काढलं तेव्हा त्या माणसाचा ओठ फाटलेला होता आणि पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताचे ओघळ होते. मी लेकीला ऑटोखालून ओढत होते. नवऱ्याचा चेहरा मला तिथून दिसला. मारताना त्या कोवळ्या शिपायाचा चेहरा असाच होता, दुसरीकडं कुठंतरी बघत असल्यासारखा.

पोलिसात जायच्या गोष्टी झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या एकट्याच त्या माणसाच्या घरी गेल्या. काय बोलल्या ते मला पूर्ण कळलं नाही. संध्याकाळी तो माणूस आमच्याकडं आला, ओठाला टाके घातलेले. नवरा खाली मान घालून बसला होता.

"चुकलं माझं," नवरा म्हणाला.

त्या माणसानं चहाचा कप खाली ठेवला. मग त्यानं विचारलं, "दोन्ही कान गेले का एकच?"

"डावा."

"मंग उजव्या बाजूनं बसतो," असं म्हणून तो उठला आणि खुर्ची फिरवून पलीकडं जाऊन बसला. नवरा रडला. आल्यापासून पहिल्यांदा रडला, आणि परक्या माणसासमोर.

त्यानंतर त्यानं कुणावर हात उचलला नाही. अजून अधूनमधून जेवताना तो एकदम ताट सोडून उठतो आणि दाराची कडी बघून येतो. आत्या त्याची भाकरी झाकून ठेवतात. लेक आता सहावीत आहे. फटाके वाजले की ती हातातलं पुस्तक सोडून भिंतीला पाठ लावते, मग आपलं आपण पुन्हा वाचायला लागते. समोरची बाई सीमेपलीकडच्या एका गावात कपडे शिवते. महिन्या दोन महिन्यांनी तिचा व्हिडिओ कॉल येतो. आत्या आणि ती बराच वेळ बोलतात, ब्लाउजच्या बाह्यांबद्दल, गुडघेदुखीबद्दल. मागच्या वेळी तिनं मशीनवरचं काम दाखवलं, शाळेच्या पोरींचे निळे गणवेश होते. आत्यांनी चष्मा नीट केला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "शिलाई थोडी मोठी पडून राह्यली. टाका छोटा करो."