मशीनची दाढी

म्हात्रेकाका रोज सकाळी मशीनची दाढी करायचे. ही थट्टा आमच्या हॉस्पिटलातल्या सिस्टरांची, पण तिच्यात खोटं काही नव्हतं. एका हातात साबणाच्या पाण्याचा डबा, दुसऱ्या हातात झिजलेला दाढीचा ब्रश. गॅसच्या पाइपाच्या प्रत्येक जोडाला फेस लावायचा आणि चष्मा कपाळावर चढवून बघत बसायचं. जोड गळत असला तर फेस फुगतो, एवढंच ते शास्त्र. काकांना मात्र त्याला पाऊण तास लागायचा.

मशीन म्हणजे वाशीतल्या आमच्या हॉस्पिटलच्या मागच्या बाजूचं, खोलीएवढं चिलर. ते गॅसवर चालतं. त्याच आगीवर ऑपरेशन थिएटर गार होतं आणि वॉर्डांना गरम पाणी मिळतं. मी इथे प्रशासनात आहे, म्हणजे लिफ्टपासून उशांपर्यंत जे बिघडेल त्याचं खापर माझ्या टेबलावर फुटतं. आग लावून गारवा कसा होतो हे इंजिनिअरांनी मला दोनतीनदा समजावलं आणि मी दरवेळी नुसती मान डोलावली. कळलं ते काकांकडून. ते मशीनचे ऑपरेटर, इथल्याच बोनकोडे गावचे, वडील मिठागरात राबलेले.

"आत मीठ हाय मॅडम," ते म्हणाले. "आपला खायचा नाय, दुसरा. पन जात तीच. पावसाल्यात बरनीतला मीठ कसा पानी वढतो? तसा ह्यो आतली वाफ वढतो. पानी उडाला का गारवा. मंग मीठ वला झाला का सुकवायचा. आमचा बाप उन्हात सुकवायचा, मी गॅसवर."

दर तीन महिन्यांनी कंपनीचे लोक यायचे, बर्नर उघडून साफ करायचे, कागदावर 'सब ओके' लिहायचे आणि चहा यायच्या आत पसार व्हायचे. काका त्यांना गेटपर्यंत पोचवून साबण कालवायला घ्यायचे.

असेच ते येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, चौथ्या मजल्यावर उकडतंय ही तक्रार घेऊन मी सकाळीच खाली गेले. दारातच गॅसचा वास नाकात शिरला. आणि काका? आत स्टुलावर बसून निवांत चहा पीत होते. अजून दाढी व्हायची होती.

"काका, गॅस!" मी ओरडले.

त्यांनी काही विचारलं नाही. कप टाकला, मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, कुठल्याही बटणाला हात न लावता दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि मला दंडाला धरून बाहेर आणलं. भिंतीवरचा गॅसचा अलार्म कधीही उगाच कोकलायचा म्हणून दुरुस्तीसाठी काढलेला होता. तो परत बसवायचा कागद माझ्याच टेबलावर सहीसाठी पडून होता.

"एवढा वास, तुम्हाला आला नाही?"

काका पायरीवर बसले.

"कोरोना झाला तवापासून नाय येत. सुकट भाजली तरी नाय. घरी पन सांगितला नाय."

"इथे तरी सांगायचं!"

"सांगितला असता तर मना गेटवर बसवला असता. बसलो असतो. पन मशीन कोन बघल? ते सब ओकेवाले?"

मला राग आला होता आणि भीतीही वाटली होती. वर थिएटरात टेबलावर माणसं झोपलेली असतात. मी वरिष्ठांना कळवायला हवं होतं. कळवलं नाही. हे बरोबर केलं असं मी म्हणत नाही. काकांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, आणि त्या ब्रशावर जितका माझा विश्वास होता तितका तिथल्या दुसऱ्या कशावरच नव्हता. अलार्मच्या कागदावर त्याच दिवशी सही केली. काकांना एकच अट घातली : सकाळी आधी मी येऊन वास घेणार, मगच तुम्ही आत पाऊल टाकायचं.

मग रोज तेच. माझे गुडघे पायऱ्या मोजून कुरकुरायचे आणि काका बाहेर ताटकळत उभे असायचे. "या बाय, नाक द्या जरा." मॅडमची बाय झाले ती तिथे. मी "ठीक आहे" म्हटलं तरी काका दाढी करायचेच. मला त्याचा थोडा अपमान वाटायचा.

डिसेंबरात मला सणसणीत सर्दी झाली. सकाळपासून फोनने जीव नकोसा केला होता. दारात उभं राहून श्वास ओढला, काहीच कळलं नाही. "ठीक आहे काका," म्हणून वळले. वर जाऊन खुर्चीत पडायचं होतं, दुसरं काही सुचत नव्हतं.

जरा वेळाने काकांचा फोन आला, खाली या म्हणून. बर्नर आदल्याच दिवशी उघडलेला होता. त्याच्या जोडावरच्या फेसात एक बारीक बुडबुडा फुगत होता, फुटत होता, पुन्हा फुगत होता. अलार्मला कळावं इतकीही ती गळती नव्हती. काकांनी मला तो दाखवला, व्हॉल्व्ह बंद केला आणि पाना उचलला. माझी मान वर होईना.

"सर्दी झालीय ना बाय?"

"हो."

"मंग वास येत नाय, असा सांगायचा." जोड आवळता आवळता ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. "मी चार वर्सं नाय सांगितला. माझ्याकडून ह्या नको शिकू."

काका निवृत्त झाले. ब्रश खिळ्याला टांगून गेले. पुढच्या पावसाळ्यात झोपेतच गेल्याचं कळलं. मला फार वाईट वाटलं, पण त्या दिवशी लिफ्ट बंद होती आणि मला बोनकोड्याला जायला संध्याकाळ झाली.

आता नवा ऑपरेटर आहे. त्याच्याकडे गॅस मोजायचं चांगलं मीटर आहे. तरी मी रोज खाली जाते. का येता, हे त्याने एकदा विचारलं होतं, तेव्हा मी त्याला काकांचं सगळं सांगितलं, माझ्या सर्दीसकट.

परवा डोकं जड होतं, नाक बंद. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, "आज मला वास येत नाही."

त्याने मीटर खिशात ठेवलं आणि खिळ्यावरचा ब्रश काढला.