कणगीत ठेवलेलं जाळं

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. त्यालाही आता बरीच वर्षं झाली, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ चुकेल आणि अक्षर चिखलातल्या कोंबडीच्या पायांसारखं दिसेल. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. तोंडानं बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहिते.

आम्ही मासे धरणारी माणसं. घर म्हणजे एक खोली आणि पुढे ओसरी. त्यात सासू-सासरे, आम्ही दोघं, थोरला मुलगा आणि जाळं. हे मोठं ओढजाळं होतं, साऱ्या तलावातून ओढत आणायचं. त्याचं सूत सावली गावच्या ठेकेदाराकडून उचल घेऊन आणलेलं. सासऱ्यांनी आणि यांनी आख्खा हिवाळा बसून ते विणलं होतं आणि टेंभराच्या कच्च्या फळांच्या चिकात बुडवून काळंभोर केलं होतं. दिवाळीनंतर तलाव ओढायचा आणि मासळीतून उचल फेडायची, असं ठरलेलं होतं. तोवर ते चुलीवरच्या आडव्या बांबूवर टांगलेलं असायचं. धुरामुळे उंदीर येत नाहीत आणि कीड लागत नाही.

पण श्रावणात मी बाळंत होणार होते. आमच्यात बाळंतिणीच्या छपराखाली जाळं ठेवत नाहीत. सव्वा महिना तिनं त्याकडे बघायचं नाही आणि घरच्या माणसांनी त्याला हात लावायचा नाही, बापानंही नाही. थोरल्याच्या वेळी मी माहेरी होते, म्हणून हा प्रश्न आला नव्हता. या वेळी माहेरची आई राहिली नव्हती.

शेजारी दिराचं घर होतं, पण भावकी म्हणून विटाळ त्यांनाही. आमची सारी आळीच भावकीची. म्हणून जाळ्यासाठी परक्याच्या घरी जागा शोधायची वेळ आली. पावसापासून, उंदरांपासून आणि चोरांपासून सांभाळता येईल अशी जागा हवी होती.

हे आधी गावातल्या मोठ्या शेतकऱ्याकडे गेले. त्याची कोठी मोठी, कुलूपबंद होती. तो म्हणाला, "तुमचं जाळं ठेवतो, अन् वर्षभर मासळीच्या वासाचा भात खातो. काऊन रे बाबा, माह्यावर कायचा राग आहे तुहा?" तिथं बसलेली माणसं हसली. मग शाळेत विचारलं. मास्तर भले माणूस होते, पण शाळेला दार नव्हतं. ते म्हणाले, "इथी घंटेची दोरी टिकली नाई भाऊ, तुमचं जाळं काय टिकन?" जंगलाच्या नाक्यावर कुलूप होतं, पण तिथल्या शिपायाला सांभाळायचे म्हणून दर बाजाराला मासे हवे होते. पावसाळ्यात आमच्याच पोटाला मासे मिळत नव्हते.

शेवटी गावाच्या टोकाला राहणाऱ्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं हो म्हटलं. त्याची धानाची कणगी रिकामी होती. बांबूची विणलेली, पुरुषभर उंच, आतून-बाहेरून शेणमातीनं सारवलेली. तो म्हणाला, "धान भरून तोंड लिपून टाकतो तं वर्षभर मुंगी जात नाई आत. तुमचं जाळं तसंच ठेवू. फक्त धुऊन आण. म्हातारी वासानं जेवाची नाई."

हे त्या दिवशी खुशीत घरी आले. सासरे म्हणाले, "चांगला माणूस आहे. लिपलेल्या कणगीले चोर हात लावत नाई."

त्यांनी जाळं नदीवर नेऊन दोनदा धुतलं. दोन दिवस वाळवून मग न्यायचं होतं. पण त्याच संध्याकाळी माझ्या पोटात दुखायला लागलं. सुईण आत येण्याआधी जाळं आळीबाहेर जायला हवं होतं. हे ते खांद्यावर घेऊन तसेच पळाले. वरून कोरडं लागत होतं, आत ओल होती. म्हाताऱ्यानं ते कणगीत दाबून भरलं आणि झाकण लावून तोंड मातीनं लिपलं, जसं धानाचं करतात तसं.

रात्री मला मुलगी झाली.

पंधरवडा झाला असेल. त्या म्हाताऱ्याची बायको बाळाला बघायला आली. येताना पदराखाली थोडं तूप घेऊन आली. तिचा स्वभाव बोलका. म्हणाली, "बाई, तुमच्या जाळ्यानं आमच्या मांजरीची मजा झाली. चूल सोडून कणगीले टेकून झोपून राह्यते. हात लावला तं गरम लागते कणगी, ताप आलेल्या लेकरावानी."

मी बाज धरून उठून बसले. लहानपणी माझ्या बापाचं एक ओलं जाळं कोपऱ्यात ढीग करून राहिलं होतं. त्यातून अशीच ऊब यायची, आणि नंतर ते फाटक्या चिंधीसारखं झालं होतं. मी सासूबाईंना हळूच म्हटलं, "आत्याबाई, जाळं उघडाले सांगा. आत सडून राह्यलं."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "बाळंतिणीनं जाळ्याचं नाव काढाचं नाई. तोंडातून काढलं तेच लागते मंग."

"ओलं होतं ते."

"गप बस म्हणतो ना तुले."

त्या म्हातारीनं ऐकलं. ती म्हणाली, मी यजमानाले सांगतो. पण म्हाताऱ्यानं ऐकलं नाही. आम्ही विश्वासानं ठेवलं आणि त्यानं हात न लावायचा शब्द दिला होता. शब्द मोडणारा तो माणूस नव्हता. आमचं बोलणं चाललं तेव्हा हे बाहेर ओसरीवर बसून सारं ऐकत होते. मी दाराच्या फटीतून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी सासऱ्यांकडे बघितलं. सासरे म्हणाले, "सव्वा महिना होऊ दे," आणि विडी पेटवली.

सव्वा महिना झाला. अंघोळ करून, नारळ घेऊन बाप-लेक गेले. मी घरीच होते. परत आले तेव्हा ह्यांच्या हातात टोपली होती. जाळं खांद्यावरून आणतात, टोपलीत नाही. आत काळा भुगा आणि दोरीचे तुकडे होते. धरून ओढलं की तुकडा तुटून मुठीतच राहायचा. तो म्हातारा मागून चालत आला होता. तो अंगणात उभा राहून एवढंच म्हणत राहिला, "मी फोडली नाई रे. मी शब्द पाळला."

त्याला कुणी काही बोललं नाही. बोलणं माझ्या मुलीच्या वाट्याला आलं. सासूबाई पाळण्याकडे बघून म्हणाल्या, "जाळं खाऊन आली." तेव्हापासून आळीत तिचं तेच नाव पडलं.

दिवाळीनंतर तलाव दुसऱ्यांच्या जाळ्यानं ओढला. आम्ही पाळीवर, तलावाच्या बांधावर, उभे होतो. ठेकेदार म्हणाला, "सूत माह्या पैशाचं, कुजलं तुमच्या हातून. उचल तं द्याच लागन." त्याचं चूक नव्हतं. सासऱ्यांनी पुन्हा जाळ्याची सुई हातात घेतली नाही आणि त्या उन्हाळ्यातच ते वारले. हे गडचिरोलीपलीकडे बांबू तोडायला गेले आणि हिवताप घेऊन आले. मी धानाचा रोवणा केला, तेंदूपत्ता तोडला, मोह वेचला. उचल थोडी थोडी कमी व्हायची आणि एका आजारपणात पुन्हा वाढायची.

मध्येच एकदा, ताप नसलेल्या दिवसांत, ह्यांनी घरामागे चार खांब रोवले. वर गवताचं छप्पर आणि डोक्याएवढ्या उंचीवर बांबूचा माळा केला. भिंती लिपल्या नाहीत. नुसत्या फटी ठेवून विणल्या, वारा जाईल अशा. खांबांना खालून काटे बांधले. सासूबाईंनी विचारलं, "जाळं नाई तं जाळ्याचं घर कायले?" हे म्हणाले, "आधी घर लागते." पुढं लहान जाळं विणलं ते तिथंच राहिलं. ज्या छपराखाली माणूस राहत नाही त्याला विटाळ नाही, म्हणून माझी पुढची बाळंतपणं झाली तरी ते हलवावं लागलं नाही. आमचं पाहून दिरानंही तसंच बांधलं.

यंदा मोहाचं पीक चांगलं आलं. मुलगी आता स्वतःची टोपली घेऊन माझ्याबरोबर पहाटे झाडाखाली येते. बाजाराच्या दिवशी आम्ही तिघं सावलीला गेलो. ठेकेदारानं तिला बघून विचारलं, "हेच काय ते जाळं खाल्लेलं पोर?"

मुलगी माझ्या मागे लपली. हे कुणाला उलट बोलत नाहीत. त्यांनी धोतराच्या सोग्याची गाठ सोडली आणि पैसे त्याच्यासमोर ठेवले.

"तिनं वेचलेल्या मोहाचे पैसे बी आहेत यात," हे म्हणाले. "मोजून घ्या."

त्यानं मोजले. चिल्लर वेगळी करून पुन्हा मोजली. मग म्हणाला, "बरोबर आहेत. आता तुमच्याकडं काई बाकी नाई."