कोड सातमधल्या तेवीस वह्या

आधी माफी मागतो. अनुभव लिहायला अनुभव असावा लागतो, आणि माझी नोकरी आठवड्याला वीस तासांची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिण्याआधी कुणाला विचारावं हेही कळत नाही. पण माझ्या एका चुकीमुळे तेवीस वह्या श्रेडरमध्ये जायच्या होत्या, म्हणून लिहितो.

इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या स्लाऊमधल्या एका गोदामात मी जुने कागद स्कॅन करतो. टाचण्या काढायच्या, पान काचेवर ठेवायचं, बटण दाबायचं. पुढे सॉफ्टवेअर अक्षरं ओळखतं. त्याला ओळखता येणार नाही असं काही दिसलं, तर आपण कोड द्यायचा. कोड सात म्हणजे ‘निरर्थक रेघोट्या’. कोड सातचा माल शुक्रवारी श्रेडिंगच्या व्हॅनमध्ये जातो, तिथे त्याचे बारीक तुकडे होतात.

काम एका ट्रेनिंग कंपनीचं होतं. ती आता लोकांना ऑफिसची कामं ऑनलाइन शिकवते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचं कमर्शियल कॉलेज होतं. टायपिंग, शॉर्टहँड, पत्रव्यवहार. शिकणाऱ्या बहुतेक मुली. अलीकडे कंपनीला आपल्या वारशाचा फार अभिमान वाटू लागला होता. रिसेप्शनमध्ये हेरिटेज वॉल करायची होती. म्हणून त्यांनी सगळा वारसा खोक्यांत भरून आमच्याकडे पाठवला, आणि वाचता न येणारा वारसा नष्ट करावा असं लेखी कळवलं.

सोमवारी त्या वह्या माझ्या हातात आल्या. बाकदार रेघा, ठिपके, कुठे जाड, कुठे बारीक. टार्गेट मागे पडलं होतं. मी तेवीसच्या तेवीस वह्यांना कोड सात दिला. सुपरवायझर गॅरी म्हणाला, “छान स्पीड आहे तुझा.” मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

बुधवारी चहा करताना एकदम आठवलं. आमच्या तालुक्याला एसटी स्टँडमागे टायपिंग क्लास आहे. लोखंडी मशीन, सरकारी परीक्षा. मी तिथे इंग्रजी चाळीस पास झालो, म्हणजे मिनिटाला चाळीस शब्द. शेजारच्या बाकावर शॉर्टहँडची बॅच बसायची, आणि फळ्यावर अगदी अशाच रेघा असायच्या. इंग्लंडनं काढलेला अभ्यासक्रम इंग्लंडमध्ये संपला होता, आणि एसटी स्टँडमागे त्याच्या संध्याकाळच्या दोन बॅच चालू होत्या.

मी गॅरीकडे गेलो. “त्या वह्या रेघोट्या नाहीत. ते इंग्लिश आहे.”

त्यानं वही डोळ्यांजवळ नेली. “मी इंग्लिश आहे. हे इंग्लिश नाही.”

“शॉर्टहँड आहे. बोललेलं भरभर उतरवून घ्यायची लिपी.”

“तुला वाचता येते?”

“नाही. पण आमच्या टायपिंग क्लासच्या सरांना येते.”

गॅरीनं ट्रेनिंग कंपनीच्या फियोनाला फोन लावला. शॉर्टहँड म्हणजे काय, हे तिलाही समजावून सांगावं लागलं. तिची कंपनी ते शिकवूनच मोठी झाली होती, पण ते तिच्या आधी. तिनं सांगितलं, एक पान टाइप करून पाठवा. आमच्या उपयोगाचं असेल तर ठेवू, नाहीतर ठरल्याप्रमाणे. मुदत गुरुवारी चारपर्यंत.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी सरांना व्हिडिओ कॉल लावला. तिथे संध्याकाळची बॅच चालू होती. मशिनांचा खडखडाट स्लाऊपर्यंत आला.

“सर, हे वाचता येईल का?”

“मला विचारतोस? शॉर्टहँडला बस म्हटलं, तर तू पळून गेलास.”

“चुकलं सर.”

“कॅमेरा सरळ धर. जुनी पद्धत आहे रे, पण पोरीचा हात बघ. एक रेघ चुकलेली नाही.”

सर इंग्रजीत वाचू लागले, मी टाइप करू लागलो. पहिली तीन पानं व्यापारी पत्रं: माल मिळाला, माल मिळाला नाही, माल भिजला. फियोनाच्या उपयोगाचं काहीच नाही. घड्याळात पावणेदोन. चौथ्या पानावर सर थांबले आणि हसले.

“हे डिक्टेशन नाही. त्या कॉलेजचा प्रिन्सिपल बोलतोय, आणि ही बाई सगळं उतरवून घेतेय.”

ते मराठीत असं होतं: ‘तुमच्यापैकी बऱ्याच जणी घरातून शिकायला आलेल्या पहिल्याच असतील. घाबरू नका. मालक बोलेल ते लिहून घ्या. त्याला काय म्हणायचं होतं ते नीट टाइप करा. आणि ते सगळं त्यालाच सुचलं, असं त्याला वाटू द्या. मागचं दार लावा, वारा येतोय.’

“दार लावा हेही लिहिलंय?” मी विचारलं.

“लिहिणारच. बोललेलं सोडायचं नसतं. आता तूही सोडू नकोस. टाइप कर.”

साडेतीनला पान तयार झालं. गॅरीनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, फियोनाला ईमेल टाइप कर, माझ्या नावानं. मी केला. ‘तपासणी करताना माझ्या लक्षात आलं की या वह्या महत्त्वाच्या आहेत,’ असं गॅरीनं त्यात सांगितलं. त्याचं व्याकरण मी नीट केलं. शुक्रवारी व्हॅन त्या वह्यांशिवाय गेली.

गॅरीला महिन्याचा उत्तम कर्मचारी म्हणून प्रमाणपत्र मिळालं. मला जुन्या कोड सातची सगळी खोकी पुन्हा तपासायचं काम मिळालं. प्रिन्सिपलचा सल्ला शंभर वर्षांनीही चालतो, एवढं मी शिकलो.

सर मात्र दर रविवारी विचारायचे, “वह्यांचं काय झालं?” मला माहीत नव्हतं. दोन महिन्यांनी फियोनाकडून गॅरीला आणि गॅरीकडून मला एक फोटो आला. भिंतीवर मोठ्या अक्षरांत प्रिन्सिपलची फक्त दोन वाक्यं: तुम्ही पहिल्या आहात, घाबरू नका. खाली काचेच्या कपाटात तेवीस वह्या, मधली एक उघडी, तिच्यावर सुंदर दिवा.

मी लगेच फोटो सरांना पाठवला. दहा मिनिटांनी उत्तर आलं.

“छान. वही उलटी ठेवली आहे. कुणाला सांगू नकोस, परत सातमध्ये टाकतील.”